सात सभासदांची शाखा

मारोतराव कुठल्याही गावात एसटीतून उतरले की आधी पाणी मागत नसत, चहाही मागत नसत. समोर दिसेल त्याला विचारत, "इथी रिटायर मास्तर किती हायेत?" सात निघाले तर संध्याकाळपर्यंत तिथं आमच्या सेवानिवृत्त शिक्षक संघटनेची शाखा उघडलेली असे. सहाच निघाले तर माझी खैर नसे. सातवा म्हणून मला बसवत. मी जन्मभर सावली गावात राहिलो, पण कागदोपत्री पाच गावांचा रहिवासी झालो.

सभेचा वृत्तान्त ते सभेआधीच लिहून नेत. 'सर्वानुमते' हा शब्द तर जिभेवरच. संघटनेचं काम घेऊन जेवणाच्या वेळी माझ्याकडे येत, आणि भात वाढू का असं बायकोनं विचारलं की म्हणत, "वाढा बाई, सर्वानुमते."

सरकारनं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे करून गडचिरोली वेगळा केला, तेव्हा लोकांना कचेऱ्यांची काळजी पडली. हे एकटे खूश. "आता नदीपलीकडच्या साऱ्या शाखा नव्यानं उघडा लागते!" त्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मारोतरावांनी तो मंजूर केला नाही.

कुरखेड्यापुढं जंगलातल्या एका गावात मात्र निवृत्त मास्तर एकच होते, दादाजी गुरुजी. बायको गेलेली, मुलगा दूर नोकरीला. मारोतरावांनी तिथंही शाखा उघडली. गुरुजी, मी आणि ते स्वतः मिळून तीन, आणि उरलेले चार 'लवकरच येणार' असं वहीत लिहिलं. मग दर महिन्याला सभा. तीन एसट्या बदलायच्या, वर दोन कोस पायपीट.

दोन वर्षांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं, सातपेक्षा कमी सभासदांच्या शाखा बंद कराव्यात. खरं सांगतो, मला आनंद झाला. ते गुरुजींना वाचून दाखवायला आम्ही निघालो.

गुरुजी धुतलेला सदरा घालून अंगणात उभे होते. चटई अंथरलेली होती. गाव सगळं मोहफुलं वेचायला गेलेलं. आम्हा दोघांसमोर उभं राहून त्यांनी मागचा वृत्तान्त खणखणीत वाचला आणि विचारलं, "वरून काई पत्र आलं का?"

मारोतरावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "आलं ना. तुमच्या अक्षराची तारीफ केली."

गुरुजींनी वही उघडून आपलंच अक्षर पुन्हा पाहिलं.

परतताना मी चिडलो. "खोटं काऊन बोलले, भाऊ?"

मारोतराव दम खात थांबले. "भेटाले आलो म्हटलं का तो माणूस म्हणते, कशाले तरास घेतला, नोको येत जाऊ. सभा म्हटली का त्याले आपला हक्क वाटते. माह्यं बी तसंच हाय रे. घरी कोणी नाई. तुह्या दारात बिनाकामाचा कोणत्या तोंडानं येऊ?"

मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत संघटनेच्या कामाशिवाय मी त्यांना कधी घरी बोलावलंच नव्हतं.

"उद्या जेवाले या," मी म्हटलं.

"काम काय हाय?"

"काईच नाई."

ते पुढं चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "उद्या नाई जमत रे."

"सभा हाय," मी म्हटलं.

"किती वाजता?"