अस्वलाचा डोळा

मिसाओचा एक डोळा घड्याळावर होता आणि दुसरा अस्वलाच्या डोळ्यावर. डब्यातल्या भाताच्या अस्वलाला खायच्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचे डोळे चिमट्याने बसवायचे म्हणजे श्वासही रोखावा लागतो.

"आई, काल किनई तोवाचा दात..." सहा वर्षांची चिनात्सु सांगू लागली.

"बोलू नकोस गं, डोळा हलेल!"

"मग वेणी तरी घाल."

"बाबांना सांग."

बाबांनी घातलेली वेणी थेट कानावर उगवली.

तीन वर्षं हेच चाललं होतं. पहाटे उठून अस्वलं, ससे, गाजराची फुलं. डब्याची पिशवीसुद्धा हाताने शिवलेली, तिला लोकरीचं ससुलं. बालवाडीतून डबा रोज चाटूनपुसून रिकामा येई आणि मिसाओला कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटे. आता चारच डबे उरले होते. एप्रिलपासून मोठी शाळा, तिथे जेवण शाळेचंच.

त्या दिवशी अस्वल इतकं साधलं, की तिने फोटोसाठी डबा खिडकीत नेला. पिशवी तशीच रिकामी गेली. साडेअकराला हे लक्षात आल्यावर ती सायकल घेऊन धावली. पण अस्वल कलंडेल या धास्तीने सायकलवर बसलीच नाही, सगळा चढ ढकलतच चढली.

वर्गात जेवण सुरू झालं होतं. चिनात्सु गालाला शितं लावून एक ओबडधोबड भाताचा गोळा खात होती. शेजारी तिची मैत्रीण तोवा हाताची घडी घालून बसली होती.

"काकू, आज अस्वलाला उशीर झाला?" तोवाने विचारलं.

"तुला गं कसं ठाऊक?"

"रोज मीच खाते ना! माझा डबा चिनात्सु खाते."

मिसाओचा चेहरा पडला. "माझा डबा आवडत नाही का गं तुला?"

"छान असतो," चिनात्सु म्हणाली. "पण तोवाची आई गोळे वळताना तिला गमती सांगते. मग तोवा त्या मला सांगते. तो गोळा खाल्ला की सगळ्या आठवतात."

मिसाओला फार वाईट वाटलं. तीन वर्षांच्या सकाळी अस्वलांनी खाल्ल्या होत्या, आणि तोवाच्या दाताचं पुढे काय झालं हे तिला अजून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिमटा खणात गेला. चिनात्सुला स्टुलावर उभं करून मिसाओने तिच्या हातावर गरम भात ठेवला.

"हं, सांग आता. तोवाच्या दाताचं काय झालं?"

चिनात्सु जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, वाकड्या गोळ्यावर शेवाळाचा तुकडा बसवत होती.

"थांब गं आई," ती कुजबुजली. "बोलू नकोस. डोळा हलेल."