घरातलं जुनं खमीर

परिशिष्टरावांनी त्या गुरुवारी एवढंच ठरवलं, की यंदा ईस्टरचा सण मुळापासून पाळायचा. (पाणीपुरवठा खात्यात त्यांना हे नाव पडलं होतं, कारण साहेबांच्या एका ओळीच्या हुकमाला ते स्वतःची तीन पानं जोडत.)

निमित्त झालं चर्चमधल्या रविवारच्या प्रवचनाचं. पाळकसाहेब म्हणाले होते, प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं. आपल्या प्रभुभोजनाचं मूळ तिथे आहे, आणि आपला पेंटेकॉस्टचा सणही त्यांच्याच कापणीच्या सणाला धरून आलेला. वल्हांडणाआधी ते लोक घरातलं झाडून सगळं खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण आणि त्याचं केलेलं सगळं, बाहेर काढतात, तसं आपणही ईस्टरआधी जुनं खमीर काढून टाकावं. इथे पाळकसाहेब थांबले. परिशिष्टराव थांबले नाहीत.

बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी बाह्या सरसावल्या. पाव गेला, बिस्किटं गेली, कपाटाच्या फटीतला टोस्टचा चुरा तर त्यांनी दात कोरायच्या काडीने उकरून काढला. शेवटी फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात एक काचेची बरणी सापडली. आत राखाडी, बुडबुड्यांचं, आंबूस वासाचं काहीतरी होतं. पाप दिसायला असंच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते मोरीत ओतलं, वर गरम पाणी सोडलं आणि बरणी घासून पालथी घातली. (लग्नानंतर त्यांनी आपणहून घासलेलं हे पहिलंच भांडं.)

बायको परतली आणि पिशवी हातात तशीच धरून त्या बरणीकडे पाहत राहिली.

"यातलं कुठाय?"

"काढून टाकलं. आता आपलं घर कसं निर्मळ झालं."

"अहो, ते माझ्या आईचं खमीर होतं."

परिशिष्टरावांनी पालथ्या बरणीकडे पाहिलं. ईस्टरच्या सकाळी चर्चमधल्या साऱ्या मंडळीसाठी पाव भाजायचं काम बायकोकडे होतं, आणि ते पाव नेहमी याच खमिराचे असत, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त ते असं दिसतं हे ठाऊक नव्हतं.

"दुकानात यीस्टची पुडी मिळते की," ते चाचरत म्हणाले.

"मिळते. आई मिळते का पुडीत?" बायको पिशवी खाली ठेवत म्हणाली. "आई गेली, पण तिने लावलेलं ते इतकी वर्षं जिवंत होतं. पीठ घातलं की फुगून वर यायचं. मला बरं वाटायचं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खोलीत जाऊन दार लोटून बसली. परिशिष्टरावांना आपली भयंकर लाज वाटली. त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला.

"अहो, मी मनातल्या खमिराबद्दल बोलत होतो," पाळकसाहेब म्हणाले. "गर्व, खोटेपणा, असलं."

"ते स्पष्ट सांगायला हवं होतं."

"बाकी सगळ्यांना कळलं होतं."

गुड फ्रायडेला सकाळी दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या धर्माने यहुदी. त्यांचं आणि परिशिष्टरावांचं फार छान जमे, कारण दोघांच्या गप्पा व्हायच्या त्या दवाखान्यात, आणि तिथे परिशिष्टरावांच्या तोंडात कापूस असे.

"ताई, एक काम होतं," त्या बायकोला म्हणाल्या. "आज संध्याकाळी आमचा वल्हांडण लागतो. खमीर आमच्या मालकीचंसुद्धा राहून चालत नाही. टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून मी दरवर्षी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विकते. त्या यंदा रजेवर आहेत. तुम्ही विकत घ्याल का? तसं तुमचंच आहे, तुम्हीच मला थोडं दिलं होतं."

त्यांनी बरणी पुढे केली. बायकोने झाकण उघडून वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"पण यंदा आपण खमीर घरात..." परिशिष्टराव सवयीने सुरू झाले.

"तुम्ही एक शब्द बोलू नका," बायको म्हणाली, आणि तिने डॉक्टरीणबाईंना सगळी हकिकत सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "भाऊ, तुम्ही तर आमच्या पुढे गेलात. आम्ही शेजाऱ्याला विकून मोकळे होतो. उगीच नाही शेजार धरून राहत."

एक नाणं देऊन सौदा झाला. "आता हे खरोखर तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हवं तेवढं वापरा. सण उरकला की त्यातलं थोडं मला परत विका."

शनिवारी पीठ असं काही फुगलं, की परातीवरचं फडकं वर उचललं गेलं. बायकोने परिशिष्टरावांना मुद्दाम बोलावून ते दाखवलं, तेव्हा आपल्याला माफी मिळाली हे त्यांनी ओळखलं. रविवारी मंडळीने पाव चाटूनपुसून खाल्ले, आणि बायको प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या आईचं खमीर. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी जपलं."

वल्हांडण संपल्यावर डॉक्टरीणबाई आपला वाटा घ्यायला आल्या. तोवर परिशिष्टरावांची छाती पुन्हा पुढे आली होती.

"पुढल्या वर्षी मलाच विका," ते म्हणाले. "नियमाला धरून सांभाळीन."

डॉक्टरीणबाईंनी बरणी जरा जवळ ओढली. "भाऊ, आमच्याकडे मोठी अट एकच. घेणारा यहुदी नसावा."

"मग मी नाहीच की यहुदी."

"तुमच्याबद्दल आता तेवढी खात्री वाटत नाही," त्या म्हणाल्या.