मदरबोर्डासाठी धरलेला उपास

सज्जनहो, आपली चूक झाकण्यासाठी देवाला पुढे करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? नसल्यास सोलापुरात या. प्रभुलिंग तेथेच राहतो.

प्रभुलिंग एका पतसंस्थेत कारकून. माणूस निर्व्यसनी, खोड एकच, कोणालाही न विचारता सर्व काही ठाऊक असण्याची. त्याची पत्नी अक्षता चादरींचे नमुने संगणकावर काढी. संगणक म्हातारा झाला होता. त्याच्यावर मोराचा पिसारा उघडेपर्यंत खरा मोर नाचून घरी गेला असता. सोमवारी दुपारपर्यंत नवे नमुने पोहोचले नाहीत, तर कारखान्याचे काम दुसरीकडे जाणार होते. म्हणून तिने डीडीआर फाइव्ह जातीची वेगवान मेमरी मागवली. ती ज्याच्या खाचेत बसते, तो मदरबोर्डही नवा लागणार होता. शनिवारी तिने नवऱ्याला बजावले,

“अहो, हिला चालेल असाच मदरबोर्ड आणा. मेमरी बरोबर न्या, दुकानदाराला दाखवा.”

“मी काय लहान आहे?” असे म्हणून तो मेमरी घरी ठेवून गेला.

दुकानात दोन बोर्ड होते. एकावर मेमरीसाठी दोन खाचा, दुसऱ्यावर चार. दोनांपेक्षा चार अधिक, हे पतसंस्थेत रोज सिद्ध होत असे. त्याने चारांचा घेतला. तो जुन्या जातीच्या मेमरीचा आहे, असे खोक्यावर छापले होते. (खोके वाचणे हेही विचारण्यासारखेच, म्हणून त्याने वाचले नाही.)

रविवारी सकाळी मेमरी खाचेत बसेना. उलटी धरून बसेना, फुंकर मारून बसेना. तो कानस शोधायला उठला, तोच अक्षता आली.

“बसली का?”

“आज अमावास्या. आज नवे यंत्र सुरू करू नये. उद्या पूजा करून पाहू.”

“उद्या दुपारी नमुने द्यायचेत!”

“देवापुढे कारखाना मोठा का?”

अक्षताने बोर्डाकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले आणि ती स्वयंपाकघरात गेली. रविवारी दुकान बंद असते. भांडून उपयोग नव्हता. थोड्याच वेळात प्रभुलिंगाची आई गुरम्मा बाहेर आली. तिची भक्ती खरी होती. तीत पळवाट नव्हती.

“देवावर घातलंस व्हय? मग नीट घालू की! सिद्धरामेश्वरा, यंत्र चालू होईस्तोवर माझा प्रभू अन्नाला शिवणार न्हाय!”

“अव्वा, एवढं कशाला...”

“बोलून झालं.”

दुपारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर झाली, वर तुपाची धार. शेजारची निंगव्वा जेवायला होती. “लई झकास झालीया,” असे ती प्रत्येक घासाला सांगत राहिली. प्रभुलिंग पाणी प्यायला. संध्याकाळी हुग्गी पुन्हा गरम झाली, तेव्हा त्याचा धीर सुटला.

“अव्वा, अमावास्येचा दोष नाही. बोर्डच मी चुकीचा आणला.”

“ठावं हाय. सूनबाईनं सकाळीच सांगितलं.”

“मग वाढ की!”

“बोर्ड तू चुकलास. देव कुटं चुकलाय? त्याला शब्द दिलाय.”

सोमवारी दुकान उघडताच अक्षता स्वतः मेमरी घेऊन गेली आणि बोर्ड बदलून आली. मेमरी खाचेत टकदिशी बसली. मोर क्षणात उघडला, नमुने वेळेवर गेले, काम हातचे गेले नाही. घर आनंदले. प्रभुलिंग पानावर बसला. हुग्गी संपली होती, आमटी-भात होता. त्याने पहिला घास उचलला, तोच निंगव्वा दारात उभी राहिली.

“गुरम्मा, प्रभूअण्णाच्या उपासानं कंप्यूटर चालू झाला म्हनं! आमचा मिक्सर बंद पडलाय. त्यालाबी एक सोमवार धरायला लावा की!”

गुरम्मा मुलाच्या पानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “प्रभू, खरं काय घडलं ते तिला सांगतोस, का उपास धरतोस?”

निंगव्वाला सांगणे म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणे. प्रभुलिंगाने घास गिळला आणि उपास पत्करला.

पुढच्या सोमवारी तो निंगव्वाच्या मिक्सरसाठी दिवसभर उपाशी राहिला. मिक्सर काही सुरू झाला नाही. म्हणून मंगळवारीही राहिला.