डोळे बांधून बाजारात

आमचे शेजारी नामदेवकाका बाजाराच्या दिवशी डोळ्यांवर दुपट्टा बांधून वाशीमच्या रस्त्यावर उतरतात. हातात काठी, आणि दोन पावलं मागे मी. त्यांना धरायचं नाही, ट्रक आला तरच ओरडायचं, असं ठरलेलं.

काकांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. गावात काहीही नवं आलं की त्यांचा एकच प्रश्न, "म्हतारं मानूस कुठून जाईन?" मागे फुकट वायफायचा खांब आला, तोही फूटपाथच्या मधोमध. काकांनी तो कपाळाने शोधला. टेंगूळ दाखवत आठवडाभर सांगत फिरले, "वायफाय लागलं मले!"

मग स्मार्ट शहराचा आराखडा आला. नाक्यापासून दवाखान्यापर्यंत सलग दुभाजक, मधे फट नाही. हरकती ऐकायला आराखडा करणाऱ्या कंपनीची तरुण इंजिनिअर केतकी पुण्याहून आली. सभेत काका उठले.

"बाई, पडद्यावर लय गोजिरं दिसून राह्यलं. एक डाव चालून पाहा." आणि त्यांनी दुपट्टा पुढे केला.

लोक हसले. केतकी हसली नाही. बाहेर येऊन तिने तो डोळ्यांवर बांधला.

पन्नास पावलं ती बरी चालली. मग एक ई-रिक्षा आवाज न करता तिच्या कोपराला घासून गेली. ती जागीच थिजली. पुढचं पाऊल उघड्या नालीवर अधांतरी.

"काका, हात द्या."

"थांब पोरी. इथं मलेबी भेव लागते."

नाली ओलांडून ती रस्त्यात उतरली आणि सोयाबीनच्या पोत्यांनी लादलेला ट्रक वळणावरून आला. ओरडायचं काम माझं, पण मी तोंड उघडेपर्यंत उशीर झाला असता. काकांनीच तिला मागे खेचलं.

चहाच्या टपरीवर तिने कप तोंडाला लावलाच नाही. तो खाली ठेवून तिने नकाशावर पेनाने ओलांडायची जागा काढली, उतार काढला, नालीवर झाकण काढलं. म्हणाली, "मी लिहून देते. पण वर मान्य होईल की नाही, धाकधूकच आहे."

झालं मान्य. सगळं नाही, दवाखान्यासमोरची ओलांडायची जागा तेवढी. मी धावत काकांकडे गेलो. ते घरी नव्हते. दारात त्यांची बायको, कमलकाकू, बसल्या होत्या. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर गेलेली. दोन वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता.

"काकू, आता तुम्ही काठी घेऊन दवाखान्यात जाऊ शकाल! काकांनी तुमच्यासाठीच केलं हे सगळं."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"मले कुठीच जाचं नाई रे बापू. रस्त्याचं भेव काई जात नाई माह्यं. पन यायले, तुह्या काकाले, नोको सांगू. कामाले लागले हायेत थे. घरी बसले का न्हाणीत जाऊन रडतेत. त्यायले वाट्टे, मले आयकू येत नाई."