टिपणे बाळगावी की न बाळगावी, त्या हुकुमाची हकीकत

श्रीगजवदन समर्थ. लेखणीस धार आणि लिहिणारास धीर असो. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरी, भाद्रपद मासी एका राज्यात परीक्षेचा प्रसंग जाहला, त्याचे वर्तमान ऐसे जे, सरकारचा शिरस्ता होता की वैद्यकीचा पाठ राजधानीत वर्षभर घ्यावा, परंतु ज्यास विद्या आधीच अवगत त्याने पहाऱ्यात बसून परीक्षा द्यावी आणि उतरल्यास वर्ष माफ. गोदूबाई कानडे म्हणोन घाटावरील वैद्याच्या कन्या, बाप वारले तेव्हा गावची नाडी त्यांच्याच हाती आली, परंतु गावकरी बोलिले की दसऱ्याच्या आत सनद आणावी, नाहीतर दुसरा वैद्य ठेवू. वर्षभर राहणे म्हणजे घर बुडणे. म्हणोन बाई औषधांच्या मात्रांची टिपणे पदरी बांधोन परीक्षेस आल्या.

तो वेशीवर हुकूम लाविला की स्वहस्ताची टिपणे बाळगावी, आणि जेथे परीक्षा त्या सदरेच्या दारी दुसरा हुकूम की कागद दृष्टीस पडल्यास बाद. शिक्का दोहींवर एकच. शेजारच्यांपैकी कोणी टिपणे मांडीखाली घातली, कोणी खुशाल पसरली, कोणी फाडोन टाकली. पुसले मात्र कोणी नाही. वर झरोक्यात रखमाजी नाईक पहारेकरी दुर्बीण लावोन बसले, ज्याची नजर ढळे त्याची नोंद करीत. मग प्रश्न आला की तान्ह्या मुलास बचनाग किती द्यावा. बाईंना उत्तर ठाऊक होते, परंतु भयाने ओठापाशी येऊन अडले, आणि विषाची मात्रा अंदाजाने लिहिणे म्हणजे मूल मारणे. पदरात टिपण आणि हात लावावयाची चोरी. शेवटी बाई उठोन उभ्या राहिल्या.

"नाईक, टिपण उघडू की नको, एवढे सांगा."

"बाई, हुकूम वाचावा."

"दोन्ही वाचले. खरा कोणता?"

नाईकांनी मागे वळून पाहिले. हो म्हणावे तरी चाकरी जाते, नको म्हणावे तरी जाते, आणि त्यांच्याही पाठीशी दुसरा पहारा होता. त्यांनी दुर्बीण खाली केली आणि झरोक्यातून वाकोन हळूच बोलिले, "मलाही कोणी सांगितले नाही, बाई." मग दिवाणांकडे जासूद धाडिला, तो उत्तर घेऊन आला की हुकूम स्पष्ट आहे. तेव्हा बाई खाली बसल्या, टिपणास हात न लाविता बापाचे स्मरण केले, आणि मात्रा लिहिली. ती बरोबर निघाली.

निकालाचे दिवशी मांडीखालचे उतरले, पसरलेले उतरले, फाडणारेही उतरले. बाईंची उत्तरे सर्व बरोबर, आणि बाई बाद. कारण पुसता दिवाण शांतपणे बोलिले, "टिपणांविषयी दरबारचा विचार अद्याप व्हावयाचा आहे. परंतु परीक्षेत बोलू नये, हा हुकूम स्पष्ट. आपण बोललात."

बाईंस फार लागले. गावी पोहोचल्या तो दसरा होऊन गेला होता, आणि बापाच्या ओसरीवर परका वैद्य नाडी पाहात बसला होता.

तात्पर्य, त्या दरबारी न पुसता काहीही करणारास क्षमा आहे, पुसणारास नाही. तेव्हापासून त्या राज्यात परीक्षा फार शांततेने पार पडतात.