अक्षर लागत नाय

पेशकारकाकांनी एका महिन्यात चार वेळा चष्मा परत केला. पहिल्यांदा म्हणाले, नाकाला जड होतो. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवतो, पण नाकापेक्षा चष्मा जड ही तक्रार मला नवीन होती. दुसऱ्यांदा काडी कानामागं रुतत होती. तिसऱ्यांदा काच ‘बेइमान’ निघाली. चौथ्यांदा त्यांनी कारणच दिलं नाही. चष्मा डबीत घातला, डबी रुमालात बांधली, सिटी चौकातल्या रहीमभाईंच्या दुकानात नेऊन ठेवली आणि “दुबारा तजवीज करा” एवढा हुकूम सोडून घरी आले.

रहीमभाई तीस वर्षं चष्मे करतात. त्यांनी मला निरोप धाडला, “मास्तर, एक बार तुम खुद आओ चाचा को लेके. नहीं तो मैं दुकान बंद करके बैठता.”

ते माझे चाचा नव्हेत, शेजारी. औरंगपुऱ्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि तीही काकांच्या आवाजापुढं टिकत नाही. नाव दिगंबरराव सोयगावकर. निजामाच्या अमलात ते तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढं कागद ठेवायचे आणि त्यात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगायचे. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, ते पदही गेलं, पण ‘पेशकार’ हे नाव काही काकांना सोडून गेलं नाही. त्यांच्या कालगणनेत दोनच काळ आहेत. ॲक्शनच्या आधी आणि ॲक्शनच्या नंतर. ॲक्शनच्या आधी तूप रवाळ होतं, माणसं सलाम करत होती आणि शहागंजचं घड्याळ वेळेवर चालत होतं. नंतरच्या काळात चांगली अशी एकच गोष्ट झाली, ती म्हणजे काकांची पेन्शन.

ॲक्शननंतर राज्य मराठीत आलं, पण जुनं दप्तर सगळं उर्दूत. नव्या साहेबांना उर्दूतला अलिफ माहीत नाही. मग काका खुर्चीत रेलून जुना कागद वाचायचे, तोंडानं त्याचं झकास मराठी करून सांगायचे आणि हाताखालचा कारकून ते खाली मान घालून उतरवून घ्यायचा. असं त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. “पेशकार लिहीत नसतो, लिहवून घेतो,” हे त्यांचं ब्रीद. सही मात्र स्वतः करायचे. ती इतकी वळणदार होती, की सही करताना कचेरीतलं काम थांबायचं.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, पेपर वाचा. मला अक्षर लागत नाय.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाही कसं म्हणणार? मी वाचला. आणि मग तीन वर्षं वाचतच राहिलो.

पेपर वाचून दाखवणं हे पुण्यकर्म आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी काकांना एक आठवडा वाचून दाखवावा. मथळा वाचला की ते म्हणणार, “मजमून सांगा, मजमून!” मजमून, म्हणजे सारांश, सांगितला की म्हणणार, “असं उडवू नका, तफ्सीलवार वाचा.” तफ्सीलवार वाचलं की डोळे मिटून घेणार, आणि झोपले असं समजून मी पान उलटलं की एक डोळा उघडून विचारणार, “त्या सोयगावच्या कापसाचं पुढं काय झालं?” वर दररोज एक प्रशस्तिपत्रक होतंच. “तुमचं वाचन बरं हाय. पण तिच्यासारखं नाय. ती जाहिराती बी सोडायची नाय.”

मराठीचा मास्तर मी. माझ्या वाचनाला हायस्कुलात लोक माना डोलावतात. इथं मी रोज काकूंच्या खालोखाल दुसरा येत होतो.

तेव्हा काकांनी ऑपरेशन करावं, असं सगळ्यांत जास्त कोणाला वाटत होतं ते सांगायला नको. शेजारधर्म वगैरे सगळं खरं, पण मला माझा पेपर परत हवा होता. काका मात्र दाद देत नव्हते. “अजून पिकला नाय,” म्हणायचे. अढीतल्या आंब्यासारखा त्यांनी तो मोतीबिंदू सांभाळला. काकू होत्या तेव्हा त्याही मागं लागायच्या, त्यांनाही हेच उत्तर. शेवटी दिवाळीच्या दिवशी त्यांनी आमच्या हिला मास्तर समजून नमस्कार केला आणि मला ‘अहो बाई, चहा ठेवा’ म्हणाले. तेव्हा मी त्यांना रिक्षात घातलं.

ऑपरेशन छान झालं. एका डोळ्याचं. हिरवी पट्टी लावून काका दीड महिना घरात बसले आणि मग तो चष्मा आला. भिंगं अशी जाड, की समोरच्याला काकांचे डोळे लिंबाएवढे दिसायचे आणि काकांना समोरचा माणूस दाराएवढा. पहिले काही दिवस कप जिथं दिसायचा तिथं नसायचा. काका चहा बशीच्या बाहेर ओतायचे आणि बशीला रागवायचे. पण दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं. समोरच्या गच्चीवर कोणाच्या वाळवणात किती पापड कमी झाले ते त्यांनी खाटेवरून सांगितलं. मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही लई म्हातारे झालात की हो. कोणी सांगितलं नाय का?”

मी आनंदानं पेपर त्यांच्या हातात दिला. काकांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला, चष्मा वर केला, खाली केला, आणि पेपर माझ्याकडं परत दिला.

“अक्षर लागत नाय.”

तिथून ते चार चष्मे सुरू झाले.

तर रहीमभाईंच्या निरोपावरून मी एका सकाळी काकांना घेऊन सिटी चौकात गेलो. रहीमभाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाचवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाचायचं कार्ड हातात दिलं. वर मोठ्या अक्षरांत मराठी मजकूर, खाली लहान होत गेलेला.

“चाचा, सबसे ऊपर क्या लिखा है?”

काका कार्डाकडं बघत राहिले. कपाळावर घाम आला होता. “धुंद दिसतंय,” म्हणाले.

“ये तो आम के बराबर अक्षर है, चाचा!”

“धुंदच हाय.”

रहीमभाईंनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं आणि पुसायला म्हणून फडक्यावर पालथं घातलं. मागच्या बाजूला उर्दू होतं. पुसून झालं आणि त्यांनी ते तसंच, उर्दूची बाजू वर करून, काकांच्या हातात दिलं.

आणि काका वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. आवाज चढला, मान ताठ झाली, उजवीकडून डावीकडं बोट भराभर पळायला लागलं. मुंगीएवढी शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. मग एकदम थांबले.

रहीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, आणि कार्ड हळूच काढून घेतलं. “चष्मा एकदम बराबर है, चाचा,” ते म्हणाले. “ये कार्डच पुराना हो गया. इधर का छपाई उड़ गया.”

इतका सभ्य खोटारडेपणा मी फार कमी पाहिला आहे. मला मात्र तेवढा सभ्यपणा जमला नाही. गुलमंडी येईपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो.

“काका, तुम्हाला मराठी वाचता येत नाही.”

“नाय येत.”

“आणि तीन वर्षं मला सांगताय, अक्षर लागत नाही!”

“मग? लागतंय म्हणलो काय कधी?”

मी मराठीचा मास्तर. वर्गात कोणत्या पोराला वाचता येत नाही ते पहिल्या आठवड्यात तोंडावरून ओळखतो, अशी माझी बढाई. आणि ‘अक्षर लागत नाही’ हे ज्याची नजर गेली तोही म्हणतो आणि ज्याला लिहिलेलं उलगडत नाही तोही म्हणतो, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उर्दूचे डोंगर उपसणाऱ्या माणसाला स्वतःची बोली वाचता येत नसेल, हे सुचणार तरी कसं? काका तीन वर्षं खरं बोलत होते, अर्थ मी चुकीचा लावत होतो.

चालता चालता त्यांनी सांगितलं. शाळेत मास्तर उर्दू, पुस्तक उर्दू, हिशेब उर्दू. मराठी घरात बोलायची, लिहायची गरजच पडली नाही. ॲक्शननंतर टेबलावर पहिला मराठी हुकूम आला तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. तो कागद सदऱ्याच्या आत घालून त्यांनी घरी नेला. काकूंचं माहेर पाचोऱ्याकडचं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं, तिथं शाळा मराठी. मराठी सातवी पास. त्यांनी कागद वाचला, नवऱ्याकडून दोनदा पाठ म्हणून घेतला.

“आन तिनंच तोड काढली,” काका म्हणाले. “म्हणली, कचेरीत सांगा, डोळ्याला त्रास हाय, अक्षर लागत नाय. खोटं बी नाय आन इज्जत बी राहती. मोतीबिंदू मागून आला, मास्तर. आधी तिनं दिलेला बहाणा होता. डॉक्टरनी मोतीबिंदू बी काढला आन बहाणा बी.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात माझी फजिती आणि माझा पेपर. मी म्हणालो, “मग प्रश्नच मिटला. उद्यापासून उर्दू पेपर लावू. तुमचं तुम्हाला वाचता येईल.”

“व्हय,” काका म्हणाले. “येईल.” आणि त्यांच्या दारात वळले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काका आले नाहीत. तीन वर्षांनी पहिल्यांदा अख्खा पेपर माझा एकट्याचा होता. दहा मिनिटांत संपला. त्यात काही नव्हतंच. इतकी वर्षं त्यात तासभर पुरेल एवढं काय असायचं, तेच मला कळेना. साडेसात झाले, आठ झाले. मला माझी लाज वाटायला लागली. पेपर उचलला आणि त्यांच्याकडं गेलो.

काका चष्मा लावून खाटेवर बसले होते. शेजारी नवा उर्दू पेपर होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“वाचला नाही?”

“वाचता येतो की. काय घाई हाय.”

मी समोरच्या पाटावर बसलो. मास्तराला जे सुचतं तेच बोललो. “काका, बाराखडी मी आठ दिवसांत शिकवतो. तुमचं डोकं चांगलं आहे.”

काका हसले. “ती बी असंच म्हणायची. लई बार पाटी घेऊन बसली. मीच शिकलो नाय.”

“का पण?”

“शिकलो असतो तर रोज सकाळी हातचं काम टाकून तिनं माझ्याजवळ बसून वाचलं असतं कामून?”

मी माझा पेपर उघडला आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागलो. दोन बातम्या झाल्या तरी मजमून विचारला गेला नाही, म्हणून मी मान वर केली. काका त्या जाड भिंगांमागून टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होते.

“काय झालं काका?”

“काय नाय. वाचताना तुमच्या भुवया लई हालतात.”

“सवय आहे.”

“तिच्या हालायच्या का, मला ठाव नाय,” काका म्हणाले. “डोळे चांगले होते तवा मी डोळे मिटून ऐकायचो. साहेबी होती ना. आन मग बघावं वाटायला लागलं तर तिचं तोंडच दिसंना. समोर बसून वाचायची, नुसता आवाज यायचा. आठ वर्षं.” त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. “ऑपरेशन तवाच करायला पाहिजे होतं, मास्तर. ती होती तवा.”