पोचभाऊंचं अपील

आमच्या शेजारच्या भाऊंना वाटीभर कढी नेऊन दिली तर ते ती लगेच हातात घेत नाहीत. आधी दारातच थांबवतात. आत जाऊन लांबोडकी वही आणतात, तीत तारीख, वस्तू आणि आणणाऱ्याचं नाव लिहितात, मग कागदाचा चतकोर फाडून आपल्या हातावर ठेवतात: ‘कढी, वाटी एक, मिळाली. आवक क्रमांक अमुक.’ तोवर कढी निवून जाते.

बोर्डीतल्या आमच्या आळीत त्यांना पोचभाऊ म्हणतात, अर्थात पाठीमागे. तलासरीच्या एका कचेरीत तीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, देणाऱ्याला पोच द्यायची. निवृत्त झाले तेव्हा टेबल तिथेच राहिलं, काम मात्र ते घरी घेऊन आले. मी लग्न होऊन इथे आले त्याआधीच काकू, भाऊंच्या पत्नी, गेल्या होत्या. मुलगी बडोद्याला. घरात भाऊ, वही आणि मागे चिकूची नऊ झाडं.

त्यांचा प्रश्न ठरलेला, ‘पोच आहे?’ दूधवाला म्हणाला, उद्या येणार नाही असं कालच सांगितलं होतं. ‘पोच आहे?’ एकदा आरती झाल्यावर गुरुजी म्हणाले, भक्तिभावाने केलेलं सगळं देवाला पोचतं. भाऊंच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. मी त्यांच्या नकला करून घरच्यांना हसवायचे. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरातलं हसणंच थांबलं.

जुई, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. श्रावणात तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. गुजरातच्या हद्दीतल्या एका मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे काढून ती घरी आली ती चालत, हसत, पण मुकी. दिवसभर टकळी चालवणारी पोर नुसतं बोट दाखवायची आणि कळलं नाही की रडायची. डहाणूच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, वाचा परत येऊ शकते, पण आत्ताच मेहनत घ्यायला हवी. मध्ये खंड पडला तर कठीण होत जाईल. नवऱ्याच्या कारखान्याचा आरोग्यविमा होता. आजारानंतरची थेरपी त्यात बसत होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

दीड महिन्याने विमा कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण, वाचादोष जन्मजात आहे आणि जन्मजात दोष पॉलिसीत बसत नाहीत. अपील करायचं तर पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत. पत्र आमच्या हातात पडेपर्यंत त्यातले सहा उडाले होते.

नवरा फोनवर ‘मराठीसाठी दोन दाबा’ करत बसला. मी फोन हिसकावला आणि पलीकडच्या मुलीला इतकं बोलले की तिने तो ठेवूनच दिला. कुंपणापलीकडे भाऊ चिकूला पाणी घालत होते.

‘कोणाशी बोललीस?’

‘मला काय माहीत!’

‘पोच आहे?’

मी ते पत्रच त्यांच्या अंगावर फेकलं. भाऊंनी ते उचललं, खिशातून भिंग काढलं, पाकिटावरचा शिक्कासुद्धा वाचला.

‘नऊ दिवस आहेत. रडायचं ते दहाव्या दिवशी. मेघना, हे “जन्मजात” यांना कोणी सांगितलं? मनाने नाही लिहिणार. कुठल्यातरी कागदावर असणार. तो कागद आण.’

दवाखान्यातून केसपेपरची नक्कल मिळवण्यात तीन दिवस गेले. दावा फेटाळल्यापासून पैशांअभावी थेरपी बंदच होती. बाईंनी शिकवलेला ‘आ’ जुई विसरायला लागली होती. मी आरसा धरून तोंड उघडून दाखवायचे आणि ती माझ्याकडे पाहून नुसती हसायची.

नक्कल आली त्या संध्याकाळी भाऊ आमच्या ओटीवर बसले. दाखल करतानाच्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती. त्यांनी ती मराठीत वाचली: ‘जन्मापासून बोलत नाही. माहिती देणार, आजी.’

आम्ही सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

‘मी असा कशाला बोलेन? त्या डॉक्टरनं विचारला, कधीपासून बोलत नाय? मी बोलली, जन्माष्टमीपासून.’

जन्माष्टमीलाच ताप चढला होता, त्याच दिवसापासून जुई गप्प झाली होती आणि चौथ्या दिवशी आम्ही तिला दाखल केलं होतं. आमच्या घरात सगळे गोकुळाष्टमी म्हणतात. सासूबाईंचं माहेर उंबरगावकडचं, त्यांच्या तोंडी जन्माष्टमी. कुठल्या लांबच्या राज्यातून आलेल्या त्या तरुण डॉक्टरला त्यातला ‘जन्म’ तेवढा कळला होता.

‘माज्यामुळं पोरीची शिकवणी बंद पडली,’ सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. त्यांच्या दाराशी जायलाही मला सकाळ उजाडावी लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ, सासूबाई आणि मी दवाखान्यात गेलो. रेकॉर्डचा माणूस म्हणाला, ते डॉक्टर सोडून गेले, कागद बदलता येणार नाही.

‘बदलू नकाच,’ भाऊ म्हणाले. ‘खाडाखोड केलीत तर मीच तक्रार करीन. मूळ ओळ राहू द्या, खाली शुद्धिपत्रक जोडा.’

‘काका, उद्या या.’

‘येतो. पण आज आलो होतो, याची पोच द्या.’

असली पोच त्याने जन्मात दिली नसावी. भाऊ समोरच्या बाकावर बसले आणि दर दहा मिनिटांनी उठून, अगदी नम्रपणे, तेच विचारू लागले. शेवटी कंटाळून त्याने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सासूबाईंचं म्हणणं नीट ऐकलं आणि विचारलं, ‘मुलगी आधी बोलत होती, याला पुरावा?’

मी मोबाइलमधले व्हिडिओ काढले. भाऊंनी पिशवीतून वही काढली.

‘व्हिडिओ असू द्या. हे रोजच्या रोज नोंदवलेलं आहे.’

डॉक्टरांनी पान उघडलं आणि मला वाचायला दिलं. ‘कढी, वाटी एक. आणणार, जुई. तोंडी निरोप: भाऊआजोबा, वाटी आजच द्या, नायतल आजी मला ओलडते.’ खाली आणखी एक. ‘आणलं काही नाही. आली, जुई. तोंडी निरोप: आई झोपली, मी न विचालता आले.’ पानामागून पानं होती. तिचा प्रत्येक ‘ल’ भाऊंनी जसाच्या तसा उतरवला होता. जन्माष्टमीच्या आदल्या दिवशीपर्यंत निरोप होते. मग महिनाभर नावच नाही. त्यानंतर पुन्हा, ‘आली, जुई. तोंडी निरोप नाही.’ ‘आली, जुई. तोंडी निरोप नाही.’

मला पुढे वाचता येईना. डॉक्टरांनी वही माझ्या हातातून घेतली, स्वतः दोन पानं चाळली आणि शुद्धिपत्रकावर सही केली.

चौदाव्या दिवशी आम्ही अपील विमा कंपनीच्या कचेरीत हातोहात दिलं: शुद्धिपत्रक, सासूबाईंचा जबाब, थेरपिस्ट बाईंचं पत्र, वहीच्या नकला. शिक्का मारेपर्यंत भाऊ खिडकीवरून हलले नाहीत. मग तीन आठवडे काहीच नाही. पोस्टमनची सायकल वाजली की सासूबाई देवासमोर जाऊन बसायच्या. शेवटी पत्र आलं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं, मग भाऊंनी भिंगातून वाचलं, आणि भाऊ ‘मंजूर’ म्हणाले तेव्हाच आम्हाला खरं वाटलं.

त्यानंतरच्या पहिल्या थेरपीला भाऊ आमच्याबरोबर डहाणूला आले. लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे वर करून बसले. बाईंनी जुईसमोर आरसा धरला, तिच्या ओठांना बोट लावलं, स्वतः करून दाखवलं. पाचव्या-सहाव्या वेळेला जुई म्हणाली, ‘पा.’

भाऊ ताडकन उठले आणि त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

‘थांबा काका,’ बाई हसल्या. ‘तिला पाणी नकोय. पाय म्हणायचंय तिला. बघा, पाय दाखवतेय.’

भाऊ बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. मग बसले. उरलेला वेळ त्यांनी जुईच्या ओठांवरून नजर काढली नाही.

एसटीची वाट पाहताना त्यांनी विचारलं, ‘हे असं शिकवणं बरीच वर्षं आहे?’

‘आहे की.’

‘इथे, डहाणूत?’

‘बाईंनाच इथे दहा-बारा वर्षं झाली असतील, भाऊ.’

त्यांनी मान हलवली.

‘तुझ्या काकूला अर्धांगवायू झाला, तेव्हा तिची वाचा गेली. पुढे तीन वर्षं होती. गोळी मी एकही चुकवली नाही. पण बोलायला शिकवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही.’

मी जुईला मांडीवर ओढून घेतलं.

‘सारखी “पा, पा” करायची. मला वाटायचं, पाणी मागते. मी पाणी द्यायचो.’ भाऊ समोरच्या रस्त्याकडे बघत होते. ‘तिला तहान नसायची, मेघना. तरी दर वेळी प्यायची.’